शंखाचा पीळ अंड्यातच ठरतो

2022 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायीचा शंख टोक वर, तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड बहुधा उजवीकडेच दिसेल. शंख वाढतो तो या तोंडाच्या कडेवर. आतले मांसल आवरण तिथे चुन्याचा थर चढवत जाते, बाहेरच्या बाजूला जास्त आणि आतल्या बाजूला कमी, म्हणून नळी वळत जाते. अंड्यातला पहिला इवलासा शंख टोकाशी तसाच राहतो.

मग पीळ म्हणजे केवळ चुन्याची करामत का? मराठवाड्यातली काळी जमीन बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, म्हणून असे वाटणे साहजिक आहे. पण चुन्याने शंख जाड होतो, त्याची दिशा बदलत नाही. दिशा शंख तयार होण्याच्या कितीतरी आधी, गर्भ चार पेशींवरून आठ पेशींचा होताना पेशी कोणत्या बाजूला तिरप्या सरकतात यावर ठरते. जपानच्या रेइको कुरोदा यांच्या गटाने 2009 मध्ये तळ्यातल्या गोगलगायीच्या गर्भपेशी काचेच्या सुईने उलट्या बाजूला ढकलल्या आणि शंख उलटे वळले. यावर कुणी म्हणेल, मग आनुवंशिकतेचे काय? त्याच प्रयोगात उत्तर आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते: उलट्या केलेल्या गोगलगायींची पिल्ले पुन्हा मूळ दिशेचीच निघाली. दिशा ठरवणारा जनुक आईचा असतो. सुईने तो बदलत नाही.