स्वमग्न मूल, त्याचं पोट आणि त्याचं ताट

‘ऑटिझम मेंदूत नाही, आतड्यात असतो, गहू-दूध बंद करा, प्रोबायोटिक पावडर सुरू करा, मूल बोलायला लागेल’ अशा अर्थाचे मेसेज सध्या सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या मोबाइलवरही येतात. काही घरांत त्यावरून मुलाची चपाती बंदसुद्धा होते. म्हणून या विषयावर नीट बोलूया.

आधी यातलं खरं किती ते बघू. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. जो चोथा आपल्याला पचत नाही त्यावर ते जगतात आणि त्यातून काही रसायनं तयार करतात. त्यांचा परिणाम आतड्याच्या अस्तरावर, प्रतिकारशक्तीवर आणि काही प्रमाणात मज्जासंस्थेवरही होतो. स्वमग्न मुलांमध्ये बद्धकोष्ठता, जुलाब, पोटदुखी या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त असतात, हेही खरं. त्यांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे दिसतात, असंही बऱ्याच अभ्यासांत आढळलंय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ३० स्वमग्न आणि २४ इतर मुलांची तुलना केली होती. गंमत बघा, स्वमग्न मुलांमध्ये लॅक्टोबॅसिलस जास्त सापडले. म्हणजे आपल्या दह्यातले, ज्यांना आपण ‘चांगले’ म्हणतो त्याच कुळातले! पावडर विकणारा हे सांगत नाही.

आता खरा प्रश्न. जिवाणू वेगळे आहेत म्हणून स्वमग्नता आली, की स्वमग्नतेमुळे जिवाणू बदलले? कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये २४७ मुलांचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा की स्वमग्नतेचा जिवाणूंशी थेट संबंध फारच थोडा दिसतो. स्वमग्न मूल ठरावीक पदार्थच खातं, आणि ताटात विविधता नसली की पोटातही राहत नाही. संशोधकांमधला वाद अजून मिटलेला नाही, पण वर्गात रोज मुलं बघणाऱ्याला हे पटकन पटतं. शाळेतल्या पोषण आहाराची खिचडी घ्या. त्यात भात, डाळ, वाटाणा, मोहरी सगळं एकत्र. काही स्वमग्न मुलांना तो मऊ-कडक मिसळलेला स्पर्श जिभेवर सहनच होत नाही. ते मूल ताट ढकलतं आणि आपण म्हणतो, ‘लई हट्टी आहे.’ हट्ट नसतो तो.

अशा मुलाच्या यादीत चारच पदार्थ असतील, समजा पांढरा भात, चपाती, दूध, बिस्कीट, आणि त्यातले तीन आपण काढून घेतले, तर उरलं काय? वजन घटतं, प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलंय की स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी गहू-दूध बंदीचा आहार वापरू नये. गव्हाची खरी ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असेल तर गोष्ट वेगळी; पण सिलिॲकची तपासणी होण्याआधी गहू बंद केला तर रिपोर्ट चुकू शकतो. आणि जाता जाता, आपल्या ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतंच. भाकरी खाणाऱ्या मुलासाठी महागडी ‘ग्लुटेन-फ्री’ पाकिटं कशाला?

निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू देण्याच्या उपचाराबद्दलही पालक विचारतात. अमेरिकेत ॲरिझोनात १८ मुलांवर तो प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, वागण्यातही सुधारणा नोंदली गेली. पण तुलनेसाठी उपचार न दिलेला स्वमग्न मुलांचा गटच नव्हता. तेवढ्यावर आपल्या मुलाला प्रयोगात ढकलू नका. पोट आणि स्वमग्नता जोडण्याच्या नादात जगाने एकदा मोठी किंमत मोजली आहे. १९९८ मध्ये १२ मुलांवरच्या एका लेखाने गोवराच्या लशीवर संशय आणला. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला, तरी लस टाळणारी घरं आजही आहेत.

मग पोटाकडे बघायचंच नाही का? उलट, जास्त बघायचं. न बोलणारं मूल ‘पोट दुखतंय’ कसं सांगणार? ते बाकाच्या कडेवर पोट दाबतं, हात चावतं, जेवणानंतर रडतं, रात्री झोपत नाही. हे ‘ऑटिझममुळेच’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. दुखणं गेलं की मूल शांत होतं, शिकायला बसतं. शाळेचं स्वच्छतागृहही तपासा. वासाला, अंधाराला किंवा पाण्याच्या आवाजाला घाबरून मूल दिवसभर शी रोखून धरतं आणि बद्धकोष्ठता वाढत जाते.

ताट वाढवायचं ते हळूहळू. आवडता भात तसाच ठेवा, शेजारी वेगळ्या वाटीत चमचाभर वरण. कालवू नका. आधी नुसतं बघू दे, मग वास, मग बोट बुडवणं. यात आठवडे जातात. एकच पदार्थ पंधरावीस वेळा समोर आल्यावर मूल चाखतं, असंही होतं. वर्गशिक्षक आणि घर यांनी एकच वही ठेवावी: काय खाल्लं, शी कधी झाली, केव्हा चिडलं. दोन आठवड्यांची ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मूल हजर राहील एवढं बघा. तोवर थांबायचं नसेल तर तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना वही घेऊन भेटा.