बास कुणाकडे?

वाद्यवृंदात माणसं तीनच, आणि त्यातला एकजण बास गिटार वाजवतो, कीबोर्ड वाजवतो, वर गातोही. अशा वाद्यवृंदाच्या प्रत्येक मैफलीत कधीतरी बास बंद पडतोच. गिटार गळ्यात तशीच लोंबत राहते, दोन्ही हात पट्ट्यांवर जातात आणि संगीताचा तळ निघून जातो. मग ड्रमवाला पायाने अधिक ठोकू लागतो, गिटारवाला खालच्या तारांकडे सरकतो. ऐकणाऱ्याला कळतही नाही की काय बदललं. काहीतरी हलकं झालं, एवढंच जाणवतं.

पोलंडच्या ‘एसबीबी’ या जॅझ-रॉक त्रयीच्या तबकड्या ऐकताना मी एवढीच एक गोष्ट धरून बसतो: बास आत्ता कुणाकडे आहे? गायन, गिटारच्या ताना, सिंथेसायझरचे ढग हे सगळं बाजूला ठेवायचं. हेडफोन लावायचा आणि तळाशी चाललेल्या त्या एका आवाजामागून चालायचं. तो कधी बोटांनी तारेवर वाजतो, कधी पट्टीवर, कधी नसतोच. या वाद्यवृंदाचा नाद १९७४ ते १९८० या काळात इतका का बदलला याची समीक्षकी उत्तरं बरीच आहेत. मला वाटतं, निम्मं उत्तर हातांच्या हिशेबात आहे.

तिघेही वरच्या सिलेशियातले. कातोवित्सेला लागून असलेल्या शेम्यानोवित्सेत, कोळशाच्या आणि पोलादाच्या पट्ट्यात, १९७१ साली हा संच जमला आणि त्याने ‘सिलेशियन ब्लूज बँड’ असं सरळ इंग्रजी नाव घेतलं. युझेफ स्क्शेकचा जन्म १९४८चा, हात पियानोवर घडलेला. गिटारवादक आपोस्तोलिस आंतिमोस हा ग्रीक यादवी युद्धानंतर पोलंडने आसरा दिलेल्या निर्वासितांच्या घरातला, पण जन्मलेला इथलाच, १९५४ साली. म्हणजे संच जमला तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. ड्रमवर येझी प्योत्रोव्स्की. कातोवित्सेच्या संगीत महाविद्यालयात १९६८ पासून जॅझचा विभाग होता, देशातला पहिला. त्यामुळे या खाणपट्ट्यात ब्लूज आणि जॅझ दोन्ही हाताशी होते. १९७४ मध्ये स्वतंत्र झाल्यावर आद्याक्षरं तीच ठेवून त्यांनी त्यात ‘शुकाय, बुश, बुदुय’ हे पोलिश शब्द बसवले: शोध, मोड, उभार. आकर्षक घोषणा आहे. पण वाद्यवृंदाने ती काटेकोर पाळली, अशा समजुतीने लिहिलेले लेख मला कंटाळवाणे वाटतात.

संच जमल्यापासून स्वतंत्र होईपर्यंतची मधली दोनेक वर्षं ते चेस्वाफ न्येमेनबरोबर होते. न्येमेन म्हणजे त्या काळच्या पोलंडचा सर्वांत मोठा गायक-संगीतकार. १९६७ च्या ‘जिवनी येस्त तेन श्व्यात’ या गाण्याने घराघरांत पोचलेला. लोकप्रियतेच्या जोरावर सुखात राहता आलं असतं, पण त्याने या पोरांना सोबत घेतलं, हेल्मुत नादोल्स्कीला डबल बास घेऊन उभं केलं, पुढे आंद्जेय प्शिब्येल्स्कीचा ट्रंपेटही आणला आणि अवघड, अंधारं, मुक्त जॅझकडे झुकणारं संगीत करायला घेतलं. १९७३ मध्ये आलेल्या त्याच्या दोन तबकड्या, ‘न्येमेन’ खंड एक आणि दोन, आजही सोप्या वाटत नाहीत. नादोल्स्की गज घेऊन डबल बासवर लांबच लांब स्वर ओढत राहतो. खाली असा दुसरा तळ असल्यामुळे स्क्शेकला बास गिटार सोडून देणं परवडत असणार. माझ्या कानाला तरी त्याचा कीबोर्डकडचा ओढा इथेच सुरू झालेला ऐकू येतो. न्येमेन स्वतः ऑर्गन वाजवायचा, त्यामुळे पट्ट्यांवर हवी तेवढी जागा मात्र त्याला मिळत नव्हती.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकच्या निमित्ताने झालेल्या जॅझ-रॉक मैफलीत न्येमेनचा हा संच वाजला. त्याच कार्यक्रमात जॉन मॅक्लॉफ्लिनचा महाविष्णु ऑर्केस्ट्राही होता. झाकिर हुसेन यांच्याबरोबरच्या ‘शक्ती’मुळे मॅक्लॉफ्लिन आपल्याकडे ओळखीचा; तेव्हा त्याच्या संचात प्रागहून अमेरिकेत गेलेला यान हामर कीबोर्डवर होता. एसबीबीवर महाविष्णुचा प्रभाव पडला, असं सर्रास लिहिलं जातं. वेग आणि गिटार-सिंथेसायझरची जुगलबंदी यांपुरतं ते खरं आहे. पण महाविष्णुची मात्रांची अवघड बांधणी, सात-नऊ-अकराचा हिशेब हे यांच्याकडे मुख्य नाही. यांची लय सरळ असते. ताण येतो तो एकाच आवर्तनावर थर चढवत नेण्यातून आणि मग सगळे थर एकदम काढून टाकण्यातून.

पहिली तबकडी थेट मैफलीची निघाली, हे नशीबच म्हणायचं. एप्रिल १९७४ मध्ये वॉर्सातल्या ‘स्तोदोवा’ या विद्यार्थी क्लबमध्ये ती मुद्रित झाली आणि सरकारी कंपनी पोल्स्क्ये नाग्रान्याने बाजारात आणली. इथे हातांचा हिशेब उघड्यावर आहे. ‘ओदलोत’मध्ये बासचा आवाज फझने मुद्दाम फाडलेला आहे. फझ म्हणजे ध्वनीच्या लाटेचे शेंडे छाटणं. छाटलेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर भरभरून येतात; म्हणजे एकच बास तळही धरतो आणि गिटारच्या पट्ट्यातही घुसतो. तिघांनी पाचजणांइतका आवाज कसा काढला, हे त्यावरून कळतं. वर स्क्शेकचा उंच, कधी शब्दांविना फिरणारा गळा आणि मध्येच माउथ ऑर्गन. ओबडधोबड आहे, जागोजागी लांबलंय. मला ते लांबलेलं आवडतं. प्योत्रोव्स्की पुढे काय करणार हे त्यालाच ठरवायला वेळ लागतोय आणि आपण तो वेळ ऐकतोय.

मग स्टुडिओ आला आणि हिशेबच बदलला. अनेक ट्रॅकांवर वेगवेगळं मुद्रण करता येतं म्हटल्यावर स्क्शेक आधी बास वाजवू शकतो, मग त्यावर पियानो, मग ऑर्गन, मग सिंथेसायझर. एका माणसाचे हवे तितके हात. १९७५ च्या ‘नोवी होरिझोंत’मध्ये, म्हणजे ‘नवं क्षितिज’मध्ये, हा आनंद जाणवतो. पहिलाच तुकडा ‘ना प्येर्व्शी ओग्येन्य’ सुसाट आहे. बास क्षणभरही थांबत नाही, आणि कीबोर्डही नाही. स्तोदोवात हे शक्य नव्हतं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या कार्लस्टाडला झालेल्या मैफलीचं मुद्रण बऱ्याच वर्षांनी बाहेर आलं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. मंचावर अजून तोच सौदा चालू आहे: कीबोर्ड हवा तर बास सोडा.

‘नोवी होरिझोंत’ची दुसरी बाजू अख्खी एकाच रचनेची, ‘वोल्नोश्च झ नामी’, सुमारे वीस मिनिटांची. तबकडीची एक बाजू म्हणजे एक रचना ही त्यांची पुढची सवय झाली. वीस मिनिटं हा आकडा कलेपेक्षा प्लास्टिकने ठरवलेला आहे. स्वर जितका खोल, तितकी तबकडीवरची खाच जास्त आडवी हलते आणि तितकी जास्त जागा खाते. बाजू लांबवायची तर एक तर सगळा आवाज लहान करावा लागतो, नाहीतर बास आवरता घ्यावा लागतो. एसबीबीच्या लांब बाजू वीस मिनिटांच्या आसपासच का थबकतात, हे त्यामुळे समजतं. पोलिश छापाच्या तबकड्याही तशा फार शांत नसत. मंद जागी खरखर ऐकू येते, आणि याच काळात या लोकांना मंद जागांची ओढ लागली.

१९७६ ची ‘पाम्येंच’, म्हणजे ‘स्मृती’, ही अनेक जाणकारांना त्यांची सर्वोत्तम तबकडी वाटते. सुरुवातीचं गाणं स्क्शेकने वडिलांना अर्पण केलेलं, शब्द युलियान मातेयचे. गती उतरली आहे, स्वर लांब झाले आहेत, बास आता चालत नाही. मधूनमधून एखादा स्वर ठेवून देतो आणि तो विरेपर्यंत थांबतो. दुसऱ्या बाजूच्या वीस मिनिटांत अशी कितीतरी रिकामी जागा आहे. देखणं काम आहे यात शंका नाही. पण मला ते किंचित जास्त गंभीर वाटतं. प्योत्रोव्स्कीसारखा ड्रमवादक हाताशी असताना त्याला इतका वेळ झांजांवर बसवून ठेवणं म्हणजे अन्यायच!

त्याची भरपाई १९७७ च्या ‘झे स्वोवेम ब्येग्नें दो च्येब्ये’मध्ये होते. दोन बाजू, दोन रचना, बस्स. इथे मिनिमूग या सिंथेसायझरकडे नीट कान द्यायला हवा. मिनिमूग एका वेळी एकच स्वर वाजवतो. स्वरमेळ त्याला जमत नाही. पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, आवाज तेवढाच. भाव आणायचा तर डाव्या हाताजवळच्या चाकावरून. ते फिरवलं की स्वर वर-खाली घसरतो. आपल्याकडचा ऐकणारा त्याला सहज मींड म्हणेल. म्हणजे उजवा हात स्वर वाजवतो आणि डावा त्याला वळण देतो. दोन्ही हात अडकले, बास पुन्हा पोरका! पण याच वाद्याला बासचाही फार जाड, गोल आवाज आहे, तीन ऑसिलेटर एकत्र लावले की तारेच्या बासलाही मागे टाकणारा. स्टुडिओत त्यामुळे बासची दोन घरं झाली. दुसऱ्या बाजूच्या ‘प्शेद प्रेम्येरों’मध्ये ऐकताना मी दरवेळी पैज लावतो, हा तारेचा की मूगचा, आणि दोन आवर्तनांनंतर बोटाचा खरखरीत स्पर्श ऐकू आला की निकाल लागतो. आंतिमोसची गिटारही इथे वेगळी आहे. ‘ओदलोत’मधला ब्लूजचा मुलगा जाऊन मोजकं बोलणारा, स्वर संपण्याआधी वाक्य संपवणारा वादक आला आहे.

यानंतरचं मी भरभर ऐकतो. पूर्व जर्मनीची अमिगा, चेकोस्लोव्हाकियाची सुप्राफोन, पश्चिम जर्मनीची श्पिगेलाय अशा कंपन्यांकडून तबकड्या निघू लागल्या. शब्द इंग्रजीत गेले. पोलिश झ्वोतीला देशाबाहेर कुणी विचारत नसे, परदेशी वाद्यं परकीय चलनातच मिळत, तेव्हा या वाटेचा मोह समजण्यासारखा आहे. स्क्शेकच्या गळ्याला मात्र इंग्रजी बसत नाही. पोलिशमध्ये जो स्वर मोकळा लागतो तो इंग्रजीत दातांत अडकतो. १९७९ च्या ‘वेलकम’मध्ये रचना आखूड झाल्या. ‘वॉकिंग अराउंड द स्टॉर्मी बे’ची सिंथेसायझरवरची धून लख्ख आहे, लोकांना आवडलीही. पण इथे तळाला इतकं काही एकाच वेळी चाललंय की बास कुणाकडे हा प्रश्नच उरत नाही. सगळं सगळ्यांकडे आहे.

आणि मग तबकडीवरचे हात मंचावर आणायचे कसे? १९७९ मध्ये चौथा माणूस आला, गिटारवादक स्वावोमिर पिवोवार. या चौघांची ‘मेमेंतो झ बानाल्निम त्रिप्तिकेम’ मुद्रित झाली १९८० मध्ये, बाजारात आली १९८१ मध्ये. तोवर वाद्यवृंद मोडला होता. का मोडला याच्या कहाण्या पुष्कळ आहेत, त्यात मी शिरत नाही. तबकडी मात्र नीटनेटकी आहे. ‘स्त्रातेग्या पुल्सू’ ऐकताना दोन गिटारांची ठेक्यात ठेका अडकवण्याची गंमत कळते. कुणालाच आता वाद्य टाकून दुसरीकडे पळावं लागत नाही. स्तोदोवातली ती धडपड गेली आणि तिच्याबरोबर थोडा धोकाही गेला. धोका जाणं म्हणजेच प्रगती, असं मानणाऱ्यांना ही शेवटची तबकडी फार आवडते.

नव्वदच्या दशकात ते पुन्हा एकत्र आले आणि नव्या शतकात नियमित वाजू लागले. ड्रमवर पॅट मेथनीच्या संचातला अमेरिकन पॉल वेर्टिको आला, त्याच्यानंतर हंगेरीचा गाबोर नेमेथ. २००५ च्या ‘न्यू सेंच्युरी’त वेर्टिकोच्या झांजा सतत, बारीक, पाण्यासारख्या वाहतात, प्योत्रोव्स्कीचा भार खाली असे, याचा वर आहे. एवढ्या एका फरकाने स्क्शेकला बास पुन्हा जड वाजवावा लागतो. २०१४ मध्ये प्योत्रोव्स्की परतला आणि मूळ तिघे पुन्हा मंचावर आले. पुन्हा सहाच हात.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ‘पाम्येंच’पासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे, जाणकार काहीही म्हणोत. आधी ‘प्शेद प्रेम्येरों’ लावावं, आवाज जरा मोठा ठेवून. आवडलं तर उलट जाऊन ‘ओदलोत’. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको. त्यावर बास ऐकूच येत नाही.