गोष्ट रचायची कशी? आठ चटकदार नमुने

‘प्लॉट’, ‘क्लायमॅक्स’ हे शब्द फळ्यावर आले की माढ्यातल्या दहावीच्या वर्गातही जांभया सुरू होतात. पण गोष्ट रचण्याच्या युक्त्या आपल्या देवळात, जत्रेत आणि घरच्या कपाटात केव्हाच्या हजर आहेत.

जर्मन डोंगर. सुरुवात, चढ, कळस, उतार, शेवट हा त्रिकोण गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली मांडला, तोही पाच अंकी नाटकांसाठी! दोन पानी गोष्टीचा कळस अगदी शेवटच्या ओळीतही चालतो.

कुर्डुवाडीचा नियम. गोष्टीतलं वळण म्हणजे कुर्डुवाडी जंक्शन. पुढे सोलापूर, मिरज की लातूर, हे तिथल्या सांध्यावर ठरतं. नायकाला मागे फिरता येणार नाही असं काही घडलं, की सांधा बदलला समजा.

तात्पर्य आधी! इसापनीतीत तात्पर्य शेवटी येतं. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त मात्र आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दोन्हींचा मेळ घालणारं दार्ष्टान्तिक. चक्रधरस्वामींचे असे ११४ दृष्टान्त आहेत, तेराव्या शतकातले.

थांबा, वग यायचाय. तमाशात गण, गौळण, बतावणी होते आणि मग वगाचं कथानक उलगडतं. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. आधी माणसं बसती करायची, मग गोष्ट.

गोष्टीच्या पोटात गोष्ट. ही ‘पंचतंत्रा’ची जुनी खोड. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तही श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री. प्रत्येक आठवण पुरी, तरी धागा एकच.

सहा जणांची साक्ष. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आळीपाळीने बोलतात. कर्ण तोच, पण सांगणारा बदलला की वेगळाच दिसतो.

अकलूजचा गडी. द. मा. मिरासदार आपल्या शेजारच्या माळशिरस तालुक्यातले. जन्म १९२७, अकलूजचा. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकरांसोबत त्यांनी गावोगाव कथाकथन केलं. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून अशा कथेत पात्रं पहिल्या झटक्यात ओळखू यावी लागतात.

शेवट आधी ठरवा. अमेरिकी कथाकार एडगर अॅलन पो याने १८४६ साली लिहिलं, की शेवट पक्का झाल्याशिवाय लेखणी उचलूच नये. पेपरात कथेच्या पहिल्या दोन ओळी देऊन ‘पुढे लिहा’ म्हटलं, की हेच करा: आधी शेवट, मग वळण, मग मधली वाट. म्हणजे वेळ संपत आल्यावर नायकाला घाईघाईने झोपेतून जागं करून ‘ते सगळं स्वप्न होतं’ असं लिहावं लागणार नाही!