मोटारीतील इंधनबचत पद्धतीचा दैनंदिन वापर : चांदूर रेल्वे–अमरावती प्रवासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमरावतीहून चांदूर रेल्वे येथे अध्यापनासाठी दररोज अपडाऊन करणाऱ्या प्राध्यापकांना रेल्वेच्या वेळा तासिकांशी जुळतातच असे नाही. साहजिकच स्वतःच्या मोटारीचा आधार घ्यावा लागतो. अलीकडच्या अनेक मोटारींत 'इको' नावाची कळ असते. ती दाबली की इंधनाची बचत आपोआप होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यपद्धती :
इको पद्धतीमुळे इंजिन बदलत नाही. चालकाच्या पायाला मिळणारा त्याचा प्रतिसाद बदलतो. ॲक्सिलरेटर पूर्वीइतकाच दाबला तरी थ्रॉटल कमी उघडते. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत वरचा गिअर लवकर पडतो. काही मोटारींत एसीच्या कॉम्प्रेसरवरील भारही घटविला जातो. मात्र मोटार मंद वाटते म्हणून चालकाने पाय अधिक दाबला, तर ही बचत नाहीशी होते.

प्रत्यक्ष उपयोग :
अमरावतीच्या राजकमल चौकासारख्या गर्दीच्या ठिकाणी वारंवार थांबावे व निघावे लागते. प्रत्येक ब्रेकसरशी गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. तेथे ही पद्धत उपयुक्त ठरते. पुढे पोहरा परिसरातील वनक्षेत्रातून जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर मात्र स्थिर वेग राखण्यास लागणारी शक्ती कळ दाबल्याने कमी होत नाही. तेथे वेग हाच निर्णायक घटक होय. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ६० ऐवजी ८० कि.मी. वेगाने गेल्यास तो सुमारे पावणेदोन पट होतो. शिवाय वन्यप्राणी रस्त्यावर येण्याची शक्यता लक्षात घेता संयत वेग दोन्ही दृष्टींनी हितकारक आहे.

मर्यादा :
पुढील वाहन ओलांडताना मंद प्रतिसाद धोकादायक ठरू शकतो. अशा वेळी कळ आधीच बंद करावी, अथवा ओलांडण्याचा मोह टाळावा. वऱ्हाडातील मे महिन्याच्या उन्हात एसी अपुरा पडल्यास काही लिटरांसाठी प्रकृतीची हेळसांड करू नये.

बचतीचा हिशेब :
उदाहरणादाखल, रोजचा प्रवास ६० कि.मी., मायलेज लिटरला १५ कि.मी. आणि वर्षातील २२० दिवस गृहीत धरल्यास ८८० लिटर पेट्रोल लागते. त्यात केवळ ५ टक्के बचत झाली, तरी ४४ लिटर पेट्रोल वाचते व सुमारे १०० किलो कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळते. आपल्या मोटारीचे प्रमाण जाणण्यासाठी एक महिना कळ सुरू ठेवून व एक महिना बंद ठेवून, दर वेळी टाकी पूर्ण भरून नोंद ठेवावी.

निष्कर्ष :
इको पद्धत ही बचतीची हमी नसून संयमाचे साहाय्यक साधन आहे. टायरमधील योग्य हवा, स्थिर वेग आणि सहकाऱ्यांसमवेत एकाच मोटारीने प्रवास यांची जोड मिळाल्यासच तिचे खरे सार्थक होते. चार प्राध्यापकांनी चार मोटारी नेऊन चारही कळा दाबण्यापेक्षा एका मोटारीने जाणे केव्हाही अधिक किफायतशीर होय.