मुंबईच्या दगडाचं वय

महाबळेश्वरचा कडा आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल, दोन्ही एकाच लाव्हाची लेकरं, असं आपण धरून चालतो. दोन्हींचा दगड काळाच दिसतो, पण वयात बरंच अंतर आहे. घाटातला बहुतेक लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांच्या थोडा अलीकडे-पलीकडे, म्हणजे डायनासोर संपले त्या सुमारास, बाहेर पडला. गिल्बर्ट हिलचं वय आलं सुमारे ६ कोटी ५ लाख. घाटातले मोठे उद्रेक थंडावून लाखो वर्षं उलटली, तरी मुंबईची जमीन पेटतीच होती.

हा हिशेब ज्या ठिकाणांमुळे जमला, त्यांत पवईच्या आयआयटीतल्या भूविज्ञान विभागाचं नाव आवर्जून घ्यायला हवं. इथले के. व्ही. सुब्बाराव हे घाटाचे थर लावणाऱ्या पिढीतले. दुरून सगळे थर सारखेच दिसतात; म्हणून दगडाच्या रसायनावरून थर ओळखायचे, ही त्या कामाची रीत. त्यांनी आणि परदेशी सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडलेल्या क्रमवारीत नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपलीच गावं आणि घाट भेटतात. बुशेच्या लाव्हात वाटेतल्या जुन्या भूकवचाची भेसळ ठळक दिसते, आंबेनळीच्या लाव्हात ती सर्वांत कमी. जगभरचे भूवैज्ञानिक आजही हीच नावं वापरतात.

क्रम लागला, तरी वय उरतं. त्यासाठी विभागात आरगॉन पद्धतीची राष्ट्रीय सुविधा आहे. पोटॅशियमच्या एका किरणोत्सारी रूपाचं आरगॉन वायूत फार सावकाश रूपांतर होत राहतं. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षांचं. तप्त लाव्हातून जुना आरगॉन निसटून जातो आणि लाव्हा गोठला की नवा आत साठू लागतो. तो किती साठला, हे मोजायचं.

सांगायला हे सोपं, करायला चिकाटीचं. दगड फोडायचा, चाळायचा, झिओलाइट खनिजाचे पांढरे दाणे आणि झिजलेला भाग बाजूला काढायचा. निवडलेला माल जातो तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत. तिथे न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोटॅशियमच्या काही अणूंचा वेगळ्या वजनाचा आरगॉन होतो, म्हणजे पोटॅशियमचं मापही आरगॉनच्याच रूपात हाती येतं. मग पवईत नमुना निर्वात भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवतात आणि दर टप्प्याला सुटलेला वायू वस्तुमान-वर्णपटमापीत मोजतात. झिजलेल्या भागातला वायू बहुधा आधीच्या टप्प्यांत सुटतो आणि भलतंच वय दाखवतो. पुढे ओळीने अनेक टप्पे एकच उत्तर देऊ लागले, की त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. मला या पद्धतीत सर्वांत भावतो तो हाच भाग: तिची स्वतःची तपासणी तिच्या आतच आहे.

आता मुंबईकडे. हेतू शेठ आणि कांचन पांडे हे या विभागात काम केलेले दोन भूवैज्ञानिक. या दोघांनी सहकाऱ्यासह २००१ मध्ये गिल्बर्ट हिलचं वय प्रसिद्ध केलं. मनोरी आणि साकीनाका इथल्या ट्रॅकाइट दगडाची वयंही त्याच वर्षी आली, ६ कोटींच्या जरा मागची. ट्रॅकाइट म्हणजे घाटातल्या काळ्या बेसॉल्टपेक्षा फिका दगड. त्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून वय काढायला तो सोयीचा. फोर्टातल्या जुन्या इमारतींना लावलेला पिवळसर मालाड दगड पाहिला, तरी मुंबईखाली निव्वळ काळा पाषाण नाही, हे ध्यानात येतं. शिवाय पाण्यात ओतल्या गेलेल्या लाव्हाचे उशीसारखे गोळे इथे आहेत, राखेचे थर आहेत, आणि दोन लाव्हांमधल्या गाळात वरळीला चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. घाटातल्या लांबलचक, सपाट थरांपेक्षा हे चित्र फारच वेगळं आहे.

आणि हे सगळं आपण झपाट्याने गमावतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गिल्बर्ट हिलचे उभे, कोनदार खांब आज सुमारे ६० मीटर उंच दिसतात, माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. पण आजूबाजूचा दगड खाणींनी कधीच खाल्ला आणि आता इमारती पायथ्याला भिडल्या आहेत. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून निदान हिचं नाव तरी घेतलं जातं. बाकीच्या बऱ्याच टेकड्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. बुजलेल्या खाणीतून पुन्हा नमुना काढता येत नाही, म्हणून मुंबईतलं प्रत्येक नवं वय वेळेशी शर्यत लावून मिळवलेलं आहे.

असंच एक वय शेठ-पांडे यांनी २०१४ मध्ये दिलं, उत्तनजवळच्या डोंगरी गावच्या रायोलाइट या फिक्या लाव्हा-दगडाचं: ६ कोटी २६ लाखांच्या आसपास. घाटमाथ्यावरचे थर जवळजवळ आडवे, पण पनवेलच्या पट्ट्यापासून ते समुद्राकडे कलत जातात. डोंगरीचा लाव्हाही तसाच पश्चिमेला झुकलेला आहे. म्हणजे त्याला झुकवणारी हालचाल त्या लाव्हानंतरची. कोकणची किनारपट्टी खचायला केव्हा लागली, या जुन्या वादाला त्या एका आकड्याने एका बाजूने तरी कुंपण घातलं.