आरोपी आणि त्याचे कुटुंब : काही नेहमीचे प्रश्न



घरासमोर पोलिसांची गाडी उभी राहिली की घरातील माणसे गांगरून जातात. कोणी पुढाऱ्याकडे धावते, कोणी ओळखीच्या मध्यस्थाला पैसे देते, कोणी समोर येईल त्या कागदावर अंगठा उमटवते. धनजला पोलीस ठाणे आहे. परंतु कोर्ट कारंज्याला, सेशन कोर्ट वाशिमला आणि हायकोर्टाचे खंडपीठ नागपूरला. मजुरी बुडवून तारखेवर जाणाऱ्या माणसाला एका चुकीची किंमत वर्षानुवर्षे मोजावी लागते. बहुतेक चुका पहिल्या दिवशीच होतात.

अटक झालेल्या माणसाचे हक्क ही कोणाची मेहेरबानी नाही. संविधान सभेत १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५-अ हा नवीन अनुच्छेद मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२ होय. अटकेचे कारण सांगणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे ही तीन बंधने त्याने शासनावर घातली. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण हे हक्क कायम आहेत. आता नेहमी विचारले जाणारे प्रश्न पाहू.

प्रश्न : गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक होणारच काय?

उत्तर : नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांना लिहून ठेवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात हे बजावले. अटकेची गरज नसेल तर कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यास कारणे नोंदविल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून नोटीस आली की पळून जाऊ नये. पळून जाणे हेच पुढे अटकेचे कारण होते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठ वर्षांवरील किंवा अपंग-आजारी असेल, तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत करावयाची झाल्यास महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी.

प्रश्न : मुलाला ठाण्यात नेले आहे. घरच्यांनी काय करावे?

उत्तर : ठाण्यात एकट्याने जाऊ नये, सोबत जाणता माणूस घ्यावा. आवाज न चढवता चार गोष्टी विचाराव्यात : अटक केली आहे की फक्त चौकशीला आणले आहे? गुन्हा क्रमांक आणि कलमे कोणती? अटकेची वेळ कोणती नोंदविली? कोर्टात केव्हा हजर करणार? अटकेचा मेमो करावा लागतो. त्यावर कुटुंबातील किंवा गावातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते. नातेवाइकाला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. ती लगेच देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास तरी दिली पाहिजेत. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते. मारहाण झाली असल्यास डॉक्टरांना आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना तेव्हाच सांगावे. नंतर सांगितलेल्या गोष्टीचे वजन कमी होते.

प्रश्न : आपण काही केलेच नाही, मग वकील कशाला?

उत्तर : हा समज सर्वांत घातक आहे. २००३ मध्ये एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. त्यात भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना आरोपी करण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशी ठरविली. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार स्त्रीने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. पण तुरुंगात गेलेली वर्षे कोण भरून देणार? निर्दोष माणसालाच वकिलाची जास्त गरज असते.

प्रश्न : वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

उत्तर : मोफत वकील मिळतो. १९७८ मध्ये हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत कायदेशीर मदत आणि निकालाची प्रत मिळण्याचा हक्क मान्य केला. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांबाबत आदेश झाले, त्यातही कायदेशीर मदतीवर भर होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला जपून ठेवावा. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा वाशिमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

प्रश्न : पोलिसांनी जबाबावर सही मागितली तर?

उत्तर : तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घेण्याची कायद्यात तरतूदच नाही. अटकेचा मेमो व पंचनामा यांवर सही असते. ती वाचून किंवा वाचून घेऊनच करावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. मात्र त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग चालतो.

प्रश्न : जमानत केव्हा मिळते?

उत्तर : जामीनपात्र गुन्ह्यात जमानत हा हक्क आहे. जामीनदार मिळत नसेल आणि आठवडा उलटला, तर आरोपी निर्धन समजून त्याला स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्ट गुन्ह्याचे स्वरूप, पुरावा आणि आरोपी पळण्याची शक्यता पाहते. ६० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जमानतीचा हक्क मिळतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ही मुदत ९० दिवसांची आहे. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झाले तर हा हक्क जातो. म्हणून अटकेची तारीख घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एकतृतीयांश आणि इतरांनी अर्धा काळ कच्च्या कैदेत काढला असेल तर कलम ४७९ खाली सुटका मागता येते. मृत्युदंड-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे सुरू असलेले आरोपी यांना ही सवलत नाही.

प्रश्न : चॅप्टर केस म्हणजे शिक्षा काय?

उत्तर : नाही. सण-उत्सव, निवडणूक किंवा गावातील भांडण यांच्या वेळी शांतता राखण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर बंधपत्र घेतले जाते. ती प्रतिबंधक कारवाई आहे, गुन्हा सिद्ध होणे नव्हे. तरीही तारखेला गैरहजर राहू नये.

प्रश्न : केस असल्यास नोकरी मिळेल का?

उत्तर : विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार पडताळणी फॉर्ममध्ये खरी माहिती देणे आवश्यक आहे. केस किरकोळ असेल तर विचार होऊ शकतो. लपविलेली केस मात्र लागलेली नोकरीही घालवू शकते. निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत कायम जवळ ठेवावी.

शेवटी एक सांगणे. साक्षीदाराला भेटून दम देणे, फिर्यादीच्या घरी जमाव नेणे यामुळे एका गुन्ह्याचे दोन होतात आणि मिळालेली जमानतही रद्द होते. तडजोड करण्याजोगा गुन्हा असेल तर ती वकिलामार्फत आणि कोर्टासमोर करावी. तसेच आपल्यातील कोणी खरोखर दोषी असेल तर त्याला पाठीशी घालणे हा या लेखाचा हेतू नाही. फिर्यादीलाही न्याय हवा असतो, आणि उद्या फिर्यादी आपणही असू शकतो. दोष सिद्ध व्हावा तो पुराव्याने, अज्ञानामुळे नव्हे, एवढेच म्हणणे आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन शिकलेल्या तरुणांनी हे प्रश्न पाठ केले आणि रात्री-बेरात्री शेजाऱ्यासोबत ठाण्यात जाण्याची तयारी ठेवली, तरी अनेक घरांची शेतीवाडी विकण्यापासून वाचेल.