भूमीचा विनियोग व प्रादेशिक योजना

शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. बुरूज बांधूं इच्छिणारा शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो. नाहीं तर काम अर्ध्यावर राहून लोकांत हंसें होतें. एका बुरुजास जो नियम, तोच लक्षावधि लोकांच्या वस्तीस लागू आहे. बांधकामापूर्वीं कोणती जमीन कशासाठीं राखावयाची हें ठरविणें, यालाच योजना म्हणतात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यानें ह्या कामाच्या दोन मुख्य पायऱ्या घालून दिल्या आहेत. प्रादेशिक योजना अनेक शहरें व खेडीं एकत्र पाहते. वस्ती कोठें वाढावी, कारखाने कोठें असावे, शेतें व वनें कोठें राहावीं हें ती सांगते. तिच्या चौकटींत प्रत्येक शहर आपली विकास योजना करतें आणि रस्ता, शाळा, इस्पितळ, क्रीडांगण यांसाठीं जागा राखून ठेवतें. मुंबई प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ सालीं मंजूर झाली.

एवढा मोठा प्रदेश एकत्र कां पाहावा? कारण पाण्याला वेशी ठाऊक नसतात. बोरिवली व मुलुंड यांच्या मध्यें शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील वृक्ष पावसाचें पाणी मुरवितात. विहार व तुळशी हे तलाव तेथेंच भरतात. विहार व पवई तलावांचें ओसंडलेलें पाणी मिठी नदीनें अंधेरी, कुर्ला या बाजूंनीं माहीमच्या खाडीस जातें. दिनांक २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या वृष्टींत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यांत समुद्रास भरती होती, आणि काठावरील भराव व अतिक्रमणें यांमुळें नदीचें पात्र आधींच अरुंद झालें होतें. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. जी जमीन रिकामी समजून भरून काढली, ती वस्तुतः पाण्याची वाट होती.

परंतु योजना नुसती कागदावर राहिली, तर ती कोणाचें रक्षण करणार? म्हणून कायद्यानें नागरिकांस मसुद्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार दिला आहे. मुंबईच्या विकास योजनेच्या २०१५ सालच्या मसुद्यांतील चुकांवर हजारों हरकती आल्या. सरकारनें तो नव्यानें करावयास लावला, आणि २०३४ पर्यंतची सुधारलेली योजना २०१८ सालीं मंजूर झाली.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घराजवळील मोकळें मैदान नकाशावर कशासाठीं राखलें आहे, हें आपल्या आईबापांसह एकदां अवश्य पाहा. भूमि ही देवानें आपणांकडे सोंपविलेली ठेव आहे. आपली गरज भागवून ती पुढील पिढीच्या हातीं सुस्थितींत देणें, हेंच विश्वासू कारभाऱ्याचें कर्तव्य होय, असें आम्ही समजतों.